‘त्रास झाला तर या’ म्हणालात, डॉक्टरसाहेब

डॉक्टरसाहेब,


आमच्या आबांच्या हिपॅटायटिस ‘सी’वर तुम्हीच उपचार केलेत. बारा आठवड्यांच्या गोळ्या संपल्या, रक्तात विषाणू सापडेनासा झाला, आम्ही पेढे घेऊन आलो. ‘आजोबा, सुटलात! आता काही त्रास झाला तरच या,’ असं तुम्ही म्हणालात. आबांनी तो शब्द पाळला. त्रास झाला तेव्हाच ते दवाखान्यात गेले, आणि तोवर कर्करोगाची गाठ यकृताला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली होती.

आजार तुम्ही दिलात, असं मी म्हणत नाही. पण विषाणू गेला तरी सिरोसिस मागे उरला होता. तुम्हीच सांगून करून घेतलेल्या फायब्रोस्कॅनच्या रिपोर्टात तो आहे. अशा यकृतात कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि जोडीला रक्ताची एएफपी तपासणी करावी, असं तुमचंच शास्त्र सांगतं. ही गाठ अनेकदा चार ते सहा महिन्यांत दुप्पट होते. दोन सेंटीमीटरची असताना सापडली तर सुई घालून जाळता येते, कधी कापून काढता येते. पाच सेंटीमीटरपर्यंतची एकच गाठ असेल तर प्रत्यारोपणाचाही विचार होतो. शिवाय यकृत स्वतः दुखत नाही, त्याचं आवरण ताणलं गेलं की मग दुखतं. हे सगळं ठाऊक असताना आबांना त्रासाची वाट बघत का बसवलंत?

सोनोग्राफीतून बारीक गाठ निसटू शकते, हे मान्य. तशी निसटली असती तर नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. इथे कुणी पाहिलंच नाही.

तुमच्या ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे. तरीही शुगरच्या पेशंटला पुढची तारीख न मागता मिळते. एकही गोळी न चुकवलेल्या आबांनी सोनोग्राफी चुकवली असती का?

२०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हिपॅटायटिसची औषधं मोफत मिळू लागली, त्यामुळे असे ‘सुटलेले’ रुग्ण आता पुष्कळ असतील. तुमच्या जुन्या फायली काढा. सिरोसिस असलेल्यांना फोन करून बोलवा. हिपॅटायटिस ‘बी’च्या रुग्णांना तर सिरोसिस नसतानाही हा कर्करोग होऊ शकतो, त्यांनाही विसरू नका.

माझं म्हणाल तर, आबांना बोलवायला हवं होतं, एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुमच्या एका ‘बऱ्या झालेल्या’ रुग्णाची मुलगी