भुईआवळीला कसोटी लावा!

कावीळ झाली की आपल्या वस्त्यांत आजही अनेकांची पहिली धाव दवाखान्याकडे नसते. अमक्या गावचा माणूस अनशापोटी पाला देतो, चार दिवसांत डोळे पांढरे होतात, असे सांगणारे दहा जण भेटतात. भुईआवळी वाटून दिली जाते, माणूस बरा होतो आणि श्रेय पाल्याला जाते.

विचार करणाऱ्याने येथेच थांबले पाहिजे. दूषित अन्नपाण्यातून होणारी 'अ' प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. पाला घेणारा बरा होतो, न घेणाराही होतो. मग गुण कोणाचा? ते ठरवायचे तर रुग्णांचे दोन गट करावे लागतात. एकाला वनस्पती, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली पुडी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नको आणि तपासणाऱ्यालाही.

भुईआवळीच्या अशा चाचण्या झाल्या आहेत. १९८८ साली 'द लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या संशोधकांचा अहवाल आला. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीरात बाळगणाऱ्या ३७ जणांना भुईआवळी दिली. २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. दुसऱ्या गटात २३ पैकी एकाचीच गेली. मोठी आशा निर्माण झाली. परंतु पुढच्या अनेक चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही एकट्या भुईआवळीच्या उपयोगाचा खात्रीशीर पुरावा मिळाला नाही. एका चाचणीने निकाल लागत नाही, हा याचा धडा.

आणि कायदा काय म्हणतो? १९४० च्या औषध कायद्याने मान्य केलेल्या ग्रंथांतील बहुतेक औषधांना त्याच आजारासाठी परवाना घेताना नवी चाचणी द्यावी लागत नाही. ग्रंथात आहे, एवढे पुरते! ग्रंथप्रामाण्य नाकारणाऱ्या आपण ते औषधाच्या बाटलीवर का मान्य करावे? कालाम सुत्तातील बुद्धाचा उपदेश औषधालाही लागू आहे.

याचा अर्थ झाडपाला म्हणजे थोतांड असा नव्हे. दवणाच्या कुळातील एका चिनी वनस्पतीपासून तू यूयू यांनी हिवतापाचे औषध शोधले. माणसांना देण्यापूर्वी प्राण्यांवर तपासले, १९७२ साली स्वतः घेऊन पाहिले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. रानातल्या पाल्याची ओळख आदिवासी व कष्टकरी समाजाने जपली आहे. तिचा खरा सन्मान कसोटीतच आहे.

कसोटी टाळण्याची किंमत मात्र गरीब मोजतो. 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईचा जीव घेऊ शकते. पाल्यात गेलेले चार दिवस परत येत नाहीत. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'ब' आणि 'क' काविळीची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. तो आपला हक्क आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. शासनाने या वनस्पतींच्या चाचण्या सरकारी रुग्णालयांत कराव्यात. रुग्णाची संमती त्याच्या भाषेत, समजावून घ्यावी. निकाल प्रतिकूल आला तरी जाहीर करावा. आणि तोवर, डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा. पाला नंतर!