कुकरचे झाकण आणि ‘गैरवापरा’ची सबब

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला, तेव्हा त्यातील सहाव्या प्रकरणाने उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूमुळे ग्राहकाला झालेल्या हानीची भरपाई करण्याच्या उत्पादकाच्या, विक्रेत्याच्या आणि सेवा देणाऱ्याच्या जबाबदारीची, स्वतंत्र मांडणी केली. कलम ८४ने उत्पादकाला जबाबदार धरण्याची पाच कारणे सांगितली असून त्यांत निर्मितीदोष आणि रचनादोष वेगवेगळे मोजले आहेत. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण निर्मितीदोष हजारांतील एखाद्या नगात ओतकाम बिघडल्याने किंवा रिव्हेट नीट न बसल्याने येतो, तर रचनादोष मूळ आराखड्यातच असल्याने कारखान्याने कितीही चोख काम केले तरी तो प्रत्येक नगाबरोबर प्रत्येक घरात पोहोचतो. असे असूनही रचनादोष म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कायद्यात नाही, आणि या मौनाची झळ कोणाला लागते हे स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

कुकरमध्ये वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो जास्त असतो आणि त्यामुळे पाणी १००ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे रोजचा वरणभात शिजत असताना त्या झाकणावर आतून तीनशे किलोंहून अधिक बळ लागलेले असते. एवढे बळ घराघरांत, लहान मुले वावरतात त्या जागी, रोज सुरक्षितपणे हाताळले जाते, याचे श्रेय प्रामुख्याने रचनेला आहे. आतून बसणारे लंबगोल झाकण हा त्या रचनेचा उत्तम नमुना होय: वाफच ते झाकण कडेवर आतून दाबून धरते, त्यामुळे दाब उतरल्याशिवाय ते निघतच नाही, मग उघडणारा कितीही घाईत असो. बाहेरून फिरवून बसवायच्या झाकणात हा गुण अंगभूत नसतो. तेथे अडकवणीचे दात वाफेचे बळ पेलतात आणि वेगळी कुलुपव्यवस्था नसेल तर जोर लावून झाकण अर्धवट फिरवता येण्याचा धोका उरतो. दोन्ही प्रकार भारतीय बाजारात आहेत. बाहेरचे झाकण म्हणजे रचनादोष, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मात्र ज्याने तो प्रकार निवडला, त्याने त्याबरोबर आलेला जास्तीचा धोका कसा झाकला, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

शिट्टीची नळी वरणाच्या फेसाने तुंबू शकते, हे गृहीत धरूनच कुकरला सेफ्टी व्हॉल्व दिलेला असतो. त्यातील कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू पाणी आटून भांडे तापले की वितळतो आणि वाफेला वाट देतो. तोही निकामी झाला तर काही रचनांत रबरी गॅस्केट झाकणाच्या कडेतील खाचेतून बाहेर फुगते आणि दाब सोडते. एकामागे एक ठेवलेल्या या तटबंदीमागे सुरक्षा-अभियांत्रिकीचा जो क्रम आहे, तो यंत्रसुरक्षेच्या आयएसओ १२१०० या आंतरराष्ट्रीय मानकात स्पष्ट नोंदला आहे: धोका आधी रचनेतूनच काढावा, जो निघत नाही त्याला संरक्षक योजना करावी, आणि त्यानंतरही जो उरेल त्याबद्दलच सूचना व इशारे द्यावेत. अर्थात पुस्तिकेतील इशारा हा शेवटचा उपाय आहे. ‘कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, डाळीसाठी निम्म्याहून जास्त नको’ ही सूचना आवश्यकच आहे, परंतु घाईच्या सकाळी कोणीतरी कधीतरी ती मोडणार हे ज्याला ठाऊक आहे, त्या रचनाकाराचे काम सूचना छापून संपत नाही.

नेमक्या याच ठिकाणी कायदा ढिला पडतो. कलम ८७ म्हणते की हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल, किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा दावा करता येणार नाही. ही सवलत केवळ दुकानदारापुरती वाटते, पण विक्रेत्याच्या व्याख्येत स्वतः विक्री करणारा उत्पादकही येतो, आणि ‘गैरवापर’ या शब्दाची मर्यादा कोठेही आखलेली नाही. युरोपीय समुदायाच्या १९८५च्या निर्देशाने वस्तू सदोष आहे की नाही हे ठरवताना तिचा कोणता वापर वाजवीपणे अपेक्षित होता हे पाहायला सांगितले. सुरक्षामानकांच्या परिभाषेतही ‘अपेक्षित गैरवापर’ ही संकल्पना रूढ आहे, म्हणजे उत्पादकाने सांगितलेला नसला तरी मानवी स्वभाव पाहता सहज होऊ शकणारा वापर. फेस येणारा पदार्थ जास्त भरणे हा अपेक्षित गैरवापर आहे. सेफ्टी व्हॉल्वच्या जागी खिळा ठोकून बसवणे हा नाही. नकली सुट्या भागांमुळे होणाऱ्या अपघातांचा भार आपल्यावर का, हा उत्पादकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याची दखल घ्यायलाच हवी, पण गॅस्केट आणि व्हॉल्व ठरावीक काळाने बदलावे लागणार हे ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते, त्याने ते भाग तालुक्याच्या गावात रास्त दरात मिळतील याची तजवीज केली होती काय, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

कलम ८७मधील आणखी एक अपवाद सहसा चर्चेत येत नाही. मालकाने कामाच्या जागी वापरण्यासाठी वस्तू विकत घेतली असेल आणि उत्पादकाने त्या मालकाला सूचना दिलेल्या असतील, तर अपुऱ्या सूचनांबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. कारखान्यातील यंत्रापुरता हा नियम समजण्यासारखा आहे. शहरांतील असंख्य घरांत मात्र कुकर लावणारे हात घरकाम करणाऱ्या बाईचे असतात, आणि तिच्यासाठी ते स्वयंपाकघर हीच कामाची जागा असते. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्ती म्हणून कायदा तिला ग्राहक मानतो. पण पुस्तिका मालकिणीच्या कपाटात, बहुधा तिला न वाचता येणाऱ्या भाषेत, पडून असताना ‘सूचना दिली होती’ हे उत्तर तिच्या भाजलेल्या हाताला पुरेसे मानले गेले, तर त्या ग्राहकपणाला काहीच अर्थ उरत नाही. घरगुती वापराच्या वस्तूंना हा अपवाद लागू नाही, असे स्पष्टीकरण कायद्यात यायला हवे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये ऑनलाइन विक्रीमंचांवर जे आदेश काढले, ते स्वागतार्ह होते. घरगुती कुकरला आयएस २३४७ हे भारतीय मानक सक्तीचे झाल्यानंतरही त्याविना कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकरच्या ग्राहकांना कळवून माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास सांगितले गेले आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड झाला. दंडाची रक्कम अशा कंपन्यांच्या दृष्टीने नगण्य आहे, माल परत घ्यायला लावणे हाच त्या आदेशांतील खरा भाग. तरीही मानकचिन्ह म्हणजे किमान पात्रता आहे. चिन्ह असलेल्या वस्तूची रचना आपोआप निर्दोष ठरत नाही.

रचनादोष सिद्ध करण्याचा मार्ग कंपनीच्या कागदपत्रांतून जातो. जबाबदार उत्पादक वस्तू बाजारात आणण्यापूर्वी प्रत्येक भाग कसकसा निकामी होऊ शकतो याची छाननी करतो आणि परिणामाची तीव्रता, घडण्याची शक्यता व वेळीच लक्षात न येण्याची शक्यता यांना १ ते १० गुण देऊन गुणाकार काढतो. ही पद्धत उपयुक्त असली तरी तिच्यात एक खोट आहे: झाकण उडण्याला १०, २ आणि ३ गुण दिले तर गुणाकार ६० येतो, आणि हँडलचा रंग जाण्याला ४, ५ आणि ५ दिले तर १००, म्हणजे प्राणघातक धोका यादीत रंगाच्या खाली जातो. अमेरिकी व जर्मन वाहनउद्योगाच्या संघटनांनी २०१९च्या संयुक्त पुस्तिकेत हा गुणाकार सोडून तीव्रतेला अग्रक्रम दिला, तो याच कारणाने. कोणता धोका कंपनीला आधीच दिसला होता, कोणता पर्यायी उपाय विचारात घेतला आणि तो का नाकारला, याची नोंद अशाच छाननीत असते, आणि ती भाजलेल्या ग्राहकाच्या हाती कधीच नसते.

त्यासाठी नवे हत्यार घडवण्याची गरज नाही. कलम ३८खाली जिल्हा आयोग सदोष वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि दिवाणी न्यायालयाप्रमाणे कागदपत्रे हजर करण्याचा आदेशही देऊ शकतो. प्रयोगशाळेचा अहवाल फुटलेल्या एका नगाबद्दल सांगेल. रचनेबद्दल विचारायचे असेल तर धोक्यांच्या छाननीची कागदपत्रे आणि त्या नमुन्याविषयी आलेल्या आधीच्या तक्रारींची नोंद मागणारा अर्ज तक्रारीसोबतच दिला पाहिजे, आणि कंपनीने ती दिली नाहीत तर आयोगाने तिच्याविरुद्ध अनुमान काढले पाहिजे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तोपर्यंत फुटलेले भांडे, झाकण, शिट्टी, व्हॉल्व आणि गॅस्केट घासूनपुसून भंगारात न टाकता आहे त्या स्थितीत जपून ठेवावीत, आणि तपासणीसाठी कोणी मागितली तर छायाचित्रे काढून, लेखी पोच घेतल्याखेरीज देऊ नयेत.