समुद्राची ऊब आणि आपला गहू

परवा आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी बांधवाने आम्हांस विचारले, “फादर, एल निनो, एल निनो असे ऐकतो. त्या वर्षी सोयाबीनमागून गहू पेरूच नये काय?” आपल्या वारासिवनीकडे भाताचेच राज्य आहे हे खरे, तथापि ज्यांची जमीन उंचवट्याची आहे, ते सोयाबीन, उडीद वा मूग काढून त्याच शेतात गहू घेऊ पाहतात. बियाणे बहुधा उधारीचे असते. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम नावाविषयी. पेरू देशाच्या कोळ्यांनी नाताळाच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहास बाळ येशूचे नाव दिले. ‘एल निनो’ म्हणजे ‘तो बाळ’. पुढे पॅसिफिक महासागर दर दोन ते सात वर्षांनी मोठ्या प्रमाणावर तापतो, त्या घटनेस हेच नाव पडले. समुद्र असा तापला की पाऊस देणारी हवा तिकडे वर चढते आणि आपल्याकडे खाली उतरते. परिणामी मोसमी वारे दुबळे होतात. ह्याच्या उलट अवस्थेस ‘ला निना’ म्हणतात. तीत पाऊस बहुधा भरपूर होतो.

परंतु ईजिप्त देशी योसेफाने सांगितलेल्या सात सुकाळांप्रमाणे हे चक्र मोजून येत नाही. १९९७ सालचा एल निनो अत्यंत प्रबळ होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. उलट २००२ साली १९ टक्के आणि २००९ साली २२ टक्के तूट आली. तेव्हा नुसत्या नावाला भिऊन शेत पडीक टाकणे शहाणपणाचे नव्हे.

खरी गोष्ट अशी की ही दोन पिके एकमेकांस बांधलेली आहेत. पाऊस लांबला म्हणजे सोयाबीनची पेरणी लांबते, काढणी लांबते आणि गव्हासही उशीर होतो. मध्येच उघडीप पडली तर डाळवर्गीय पिकाच्या मुळांवरील गाठी नीट काम करीत नाहीत. मग गव्हाला ओल कमी मिळते आणि नत्रही कमी मिळते. ला निनाच्या वर्षीही धोका टळत नाही. काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेंगा भिजतात, शेत वाफशावर येत नाही आणि गहू पुन्हा उशिराच पडतो.

उशिराचा गहू मार्चच्या उन्हात सापडतो आणि दाणा भरण्याऐवजी सुरकुततो. २०२२ सालचा मार्च महिना १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. ते वर्ष ला निनाचेच होते! त्या वर्षी गव्हाचे उत्पन्न घटले आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली.

म्हणून आम्ही त्या बांधवास सांगितले: रबीचा निर्णय जूनमध्ये बातमी ऐकून करू नका, सोयाबीन निघाल्यावर शेतात उभे राहून करा. वीतभर खणा, मूठभर माती दाबा, विहिरीत डोकावा. माती मुठीत गोळा धरीत असेल, चार ते सहा पाण्यांची सोय असेल आणि नोव्हेंबरचा मध्य उलटला नसेल, तर खुशाल गहू पेरा. पाणी एक-दोन वेळाच देता येण्यासारखे असेल, तर हरभरा बरा. संशय असेल तर शेत विभागावे. सारे बियाणे एकाच पिकावर लावू नये.

बांधव क्षणभर थांबून म्हणाला, “म्हणजे फादर, रेडिओ ऐकावा, पण विचारावे मातीला.” आमच्या लांबलचक उत्तरापेक्षा त्याचे हे एक वाक्य आम्हांस अधिक नेमके वाटले.