सात दरवाजे आणि साखळीची वाट

शिवनेरीच्या माथ्यावर जाण्याच्या दोन वाटा जुन्नर परिसरात सर्वांना ठाऊक आहेत. एक पायऱ्यांची, सात दरवाज्यांतून जाणारी. दुसरी लेण्यांच्या अंगाने कातळात चढणारी, साखळीची. नवख्याला आपण पहिली सुचवतो. परंतु ती सोपी का? माथ्याची उंची तर दोन्हीकडून तीच. पहिल्या वाटेने चढ कमी होत नाही, तो टप्प्यांत वाटला जातो, एवढेच. संगणकावरील भुयारी खेळांत नवोदितासाठी काठिण्याची रचना कशी असावी, या प्रश्नाचे उत्तर मला या वाटेत दिसते.

असा विषय साहित्याच्या नियतकालिकात कशाला, असे काहींना वाटेल. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात, वाचकाला पुढे जाण्यासाठी पाने उलटण्याहून अधिक श्रम करावे लागतात अशा संहितांचा विचार मांडला, आणि त्यात संगणकीय खेळही घेतले. तेव्हा ही चर्चा आपल्या अंगणातलीच आहे.

या प्रकाराचा मूळपुरुष ‘रोग’ हा १९८० चा खेळ. मजल्यामागून मजला भुयारात उतरायचे. मेलात तर प्रारंभापासून, तेही नव्याने मांडलेल्या भुयारात. त्याच वंशातील ‘पिक्सेल डन्जन’ ओलेग डोल्या यांनी २०१२ मध्ये भ्रमणध्वनीवर आणला आणि त्याच्या खुल्या संहितेवरून एव्हन डेबेनहॅम यांनी २०१४ पासून ‘शॅटर्ड पिक्सेल डन्जन’ घडवला. या दुसऱ्या खेळात मरणाची शिक्षा माफ झालेली नाही. तरीही तो नवख्याला झेपतो, आणि त्याचे कारण रचनेत आहे. दर पाच मजल्यांच्या टप्प्यात बळ वाढवणारी दोन पेये आणि शस्त्र वा चिलखत सुधारणाऱ्या मंत्रांच्या तीन गुंडाळ्या मिळतीलच, अशी तजवीज आहे. त्या कशावर खर्चायच्या, हे मात्र खेळणाऱ्याने ठरवायचे. टप्प्याच्या शेवटी एक मोठा शत्रू असतो. त्याला ओलांडल्याखेरीज पुढचे भुयार नाही. दुबळ्या शत्रूंना मारत वरच्याच मजल्यांवर रेंगाळावे, तर नायक थोर झाल्यावर त्यांच्यापासून अनुभव मिळेनासा होतो. शिवाय भूक लागतेच. पेयांचे रंग दर खेळी बदलतात, म्हणून पाठांतर निरुपयोगी. खेळ अधिक अवघड करणारी बंधने स्वेच्छेने घेता येतात, पण एकदा जिंकल्यानंतरच. साखळीची वाट इथे पायऱ्या चढून गेलेल्यालाच दाखवली जाते!

याच्या उलट ‘डायब्लो २’ (२०००) पाहावा. तीच कथा तीन पातळ्यांवर पुन्हा खेळायची. शत्रूंचे बळ वाढलेले. त्याची लोकप्रियता मान्य करूनही मला हे काठिण्य आकड्यांचे वाटते, रचनेचे नव्हे. आणि आकडा जसा चढवता येतो तसा उतरवताही येतो. सुलभीकरणाचा मोह तेथूनच सुरू होतो.

हा मोह मी स्वतः अनुभवला आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘लीळाचरित्र’ शिकवताना मी काही वर्षे सारांश लिहून दिले. मुले उत्तीर्ण झाली. मूळ लीळा मात्र बहुतेकांनी उघडली नाही. मी शत्रूचे आयुष्य निम्मे केले होते, आणि माथा कोणीच पाहिला नव्हता.

तथापि सर्वच काठिण्य जपण्याजोगे नसते. चावंडच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंगाने उडवल्या. तिथला अवघड टप्पा मोडतोडीतून आला आहे, गड बांधणाऱ्याच्या योजनेतून नव्हे. तिथे आधाराला लोखंडी कठडा लावला तर गडाचा अपमान होत नाही. म्हाइंभटांच्या गद्यातील लोपलेले शब्द आणि विभक्तिरूपे याच जातीची. त्यांच्यासाठी टिपा हव्यात. लीळेतील आटोपशीरपणा, न सांगता सोडलेले अर्थ हे मात्र रचनेचे चढ आहेत. ते विद्यार्थ्यानेच चढायचे. हल्ली मी चार-पाच ओळींच्या लीळांपासून आरंभ करतो, भरपूर टिपांसह. दर पंधरवड्याला टिपा कमी होतात आणि लीळा लांबतात. सारांश देत नाही. गेल्या सत्रात दोघांनी तक्रार केली आणि एकीने न नेमलेला भाग वाचून आणला.