अळवाच्या पानावरचा धडा

'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार मराठी मुलांना भाषेच्या पुस्तकात भेटतो. 'क्षणभंगुर' असा अर्थ पाठ होतो, वाक्यात उपयोग होतो, दोन गुण मिळतात. त्या पानावर पाणी टिकत का नाही, हा प्रश्न मात्र सहसा कोणत्याच तासाला विचारला जात नाही.

अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म कण. थेंबाला टेकायला फार थोडी जागा मिळते, खाली हवा अडकते. म्हणून थेंब गोल राहतो आणि घरंगळताना धूळही घेऊन जातो. कमळाच्या पानाचेही असेच. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये हा उलगडा शोधनिबंधात मांडला आणि पुढे पावसाच्या पाण्याने स्वच्छ होणारे भिंतींचे रंग बाजारात आले. निसर्गातील रचना समजून घेऊन माणसाच्या अडचणीवर तोडगा काढण्याच्या या पद्धतीला बायोमिमिक्री, म्हणजे जैवअनुकरण म्हणतात.

याचा रुग्णालयाशी थेट संबंध आहे. लघवीसाठी घातलेली नळी काही दिवस आत राहिली की जंतू तिला चिकटतात आणि चिकट थर तयार करून त्यात राहू लागतात. या थरातील जंतूंवर प्रतिजैविके पुरेसा परिणाम करू शकत नाहीत. अनेकदा नळीच बदलावी लागते. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असताना 'जंतू मारायचा कसा' याइतकाच 'तो चिकटूच नये यासाठी काय करायचे' हा प्रश्न मोलाचा आहे.

फ्लोरिडा विद्यापीठातील अँथनी ब्रेनन जहाजांच्या बुडाला शेवाळ चिकटू नये म्हणून उपाय शोधत होते. शार्कची त्वचा स्वच्छ कशी राहते, हे पाहताना तिच्यावरील खवल्यांची नक्षी त्यांच्या नजरेत भरली. तशीच सूक्ष्म नक्षी प्लास्टिकवर उमटवली, तर जंतूंनाही त्यावर जम बसवणे अवघड जाते, असे प्रयोगशाळेत दिसले. इथे औषध नाही, विष नाही, केवळ पृष्ठभागाचा आकार आहे.

आपल्याकडे हा विषय शिकवला जातो तेव्हा बहुधा यादी दिली जाते: गोखरूसारख्या काटेरी फळावरून वेल्क्रो, खंड्याच्या चोचीवरून जपानच्या बुलेट ट्रेनचे नाक. यादी पाठ झाली की धडा संपला. हे पाठांतर झाले. रचनेचे शिक्षण नव्हे. त्याची सुरुवात गरजेपासून व्हायला हवी. काय चिकटायला नको? काय थंड राहायला हवे? मग हेच काम निसर्गात कोण करते, कसे करते, याचा शोध. त्यानंतर नमुना तयार करणे आणि शेवटी तो कुठे फसतो, हे पाहणे.

हा शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच गाळला जातो. त्यासाठी महागडी साधनेही लागत नाहीत. अळूचे एक पान, पाणी, चिमूटभर राख आणि साबण पुरे. साधा थेंब राख उचलून नेतो. साबणाचे पाणी मात्र पसरते. पानाचा एक भाग बोटाने चोळला, तर तिथे थेंब चिकटतो, कारण मेणाचा थर बिघडलेला असतो. (अळवाचा चीक खाजरा असतो, नंतर हात धुवायला सांगावे.) मुलांना पानाची करामत कळते, तशी तिची मर्यादाही. जिवंत झाड मेणाचा थर पुन्हा तयार करू शकते. कारखान्यातून आलेली नळी तसे करू शकत नाही.

वैद्यकातही नेमके हेच घडते. शरीरात घातलेल्या वस्तूवर थोड्याच वेळात प्रथिनांचा लेप बसतो आणि कोऱ्या पृष्ठभागावरचे निष्कर्ष तसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेतले यश म्हणजे रुग्णाचा फायदा नव्हे; तो रुग्णांवरील चाचण्यांतूनच सिद्ध व्हावा लागतो. 'नैसर्गिक म्हणजे चांगले' असे मानणाऱ्या आपल्या समाजात ही शिस्त शाळेतच लागली, तर उद्याचा अभियंता सावध होईल आणि उद्याचा रुग्ण जाहिरातींना भुलणार नाही.

सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या आहेत. तिथला थ्रीडी प्रिंटर पाहुण्यांना दाखवण्यापुरता राहू नये. आणि जिथे प्रयोगशाळाच नाही, त्या शाळेच्या आवारातही अळू, आघाडा आणि मुंग्यांचे वारूळ असतेच. शिक्षकांना तासाभराची मोकळीक द्यावी आणि प्रकल्पाचे गुण चकचकीत तक्त्याला न देता 'हे कुठे फसले आणि का' या उत्तराला द्यावेत. एवढा बदल याच पावसाळ्यात करता येईल.