राजकन्येचा वनवास आणि रयतेचे बियाणे

चित्रकथा म्हटली की पुरोगामी कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. राजे, राजकन्या, शापित योद्धे आणि अजगर यांच्या गोष्टी म्हणजे जनतेला गुंगीत ठेवण्याची साधने, असा एक समज चळवळीत वर्षानुवर्षे मुरलेला आहे. या समजात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या गोष्टी लाखो तरुण मुले-मुली आवडीने वाचतात, त्या न वाचताच निकालात काढणे हे चिकित्सेचे लक्षण नव्हे. त्यातून फक्त आळस दिसतो.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव घ्या. पूर्णा-अकोला लोहमार्गावरचे स्थानक म्हणून ते परिसरात ओळखले जाते. २००८ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला. भोवतालची शेती सोयाबीन, तूर आणि कपाशीची, बहुतांशी पावसावर विसंबलेली. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २००६ साली आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठीच्या पंतप्रधानांच्या मदत योजनेत होता, आणि २०१८ साली नीती आयोगाने त्याला 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत बसवले. शासनाने नावे बदलली. शेतीचा पाया तोच राहिला. अशा गावातील महाविद्यालयीन मुलीच्या हाती आज मोबाइल आहे, आणि त्या मोबाइलवर जपानमधील चित्रकथा, ज्यांना तिकडे 'मांगा' म्हणतात, इंग्रजी भाषांतरातून येऊन पोहोचल्या आहेत. तिच्या वाचनाची दखल चळवळीने घ्यायची की नाही, हा प्रश्न आहे.

अशा चित्रकथांपैकी एक विशेष विचार करण्याजोगी आहे. मिझुहो कुसानागी या लेखिका-चित्रकर्तीची 'पहाटेची योना' ही कथामाला 'हाना तो युमे' या जपानी नियतकालिकात २००९ साली सुरू झाली. तिच्यावर आधारलेली चित्रमालिका २०१४-१५ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. कथेचा आरंभ अगदी ठरीव आहे. कोउका नावाच्या काल्पनिक राज्यात योना ही लाडावलेली राजकन्या. तिला चिंता कसली, तर आपल्या तांबड्या, कुरळ्या केसांची आणि चुलतभाऊ सू-वोन आपल्यावर प्रेम करील की नाही याची. तिच्या सोळाव्या वाढदिवशी तोच सू-वोन तिच्या डोळ्यांदेखत राजाचा, तिच्या पित्याचा, वध करतो. अंगरक्षक हाक याच्यासोबत ती राजवाड्यातून पळते आणि तिचा वनवास सुरू होतो. पुढे शत्रूने केस धरले असता ती स्वतःच्या हाताने ते तलवारीने कापून टाकते आणि आपली सुटका करून घेते. ज्या केसांची कालपर्यंत काळजी, तेच आज फासासारखे झालेले: राजवाड्यातील स्त्रीजीवनावर याहून नेमके भाष्य चित्रात करणे कठीण आहे.

तथापि या कथेचे खरे मोल सूडाच्या प्रतिज्ञेत नाही. वनवासात योनाला प्रथमच रयत दिसते. तिचा पिता, राजा इल, शांतताप्रिय होता. त्याला शस्त्रांचा तिटकारा होता. वाड्यात तो प्रेमळ बाप होता. पण शेजारच्या साम्राज्यांना प्रदेश देऊन विकत घेतलेली त्याची शांतता सीमेवरच्या माणसांना महाग पडली, आणि त्याच्या दुबळ्या कारभाराच्या सावलीत प्रांतोप्रांतीचे अंमलदार माजले. आवा बंदरात कुम-जी नावाचा अधिकारी मुली विकण्याचा व्यापार उघडपणे चालवतो, आणि त्याच्याशी लढायला उभे राहतात ते गी-गान या वृद्ध स्त्रीच्या नेतृत्वाखालचे समुद्री चाचे. अग्नी कुळाच्या प्रदेशात जमीन नापीक, माणसे रोगी. तरी करवसुलीचे शिपाई चुकत नाहीत. चांगला राजा आणि उपाशी प्रजा एकाच वेळी असू शकतात, हे योना पायी चालताना शिकते. पित्यावरचे प्रेम न सोडता पित्याच्या राज्याचा दोष पाहणे तिला जड जाते. लेखिकेने ही वेदना घाईने उरकलेली नाही, हे तिचे श्रेय.

करवसुलीच्या शिपायांना पळवून लावण्यासाठी योना आणि तिचे सोबती दरोडेखोर बनतात. पण लवकरच तिच्या ध्यानात येते की शिपाई हाकलल्याने या वर्षीची लूट टळते. पुढच्या वर्षीची भूक टळत नाही. मग ती सीमा ओलांडून काई साम्राज्याच्या मुलखात जाते, थंड आणि निकस जमिनीतही तग धरणारे 'इझा' नावाचे धान्य शोधून काढते आणि त्याचे बियाणे परत आणते. ते ती सोपवते कुणाकडे? ज्याने पूर्वी तिचा पाठलाग केला होता, त्या अग्नी कुळाच्या सरदारपुत्राकडे, ते-जूनकडे. या श्रीमंत, भित्र्या पोराने दरम्यान खेड्यांत राहून आजाऱ्यांची सेवा केलेली असते. साहसकथेत नायिकेने जिंकून आणायची वस्तू म्हणजे बहुधा तलवार, रत्न अथवा मुकुट. इथे ती बियाण्याची पिशवी आहे. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानासमोर रांग लावणाऱ्या वऱ्हाडातील वाचकाला या प्रसंगाचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

इथवर कथेचे कौतुक. आता तिच्या मर्यादेकडे वळले पाहिजे, कारण मर्यादा मोठी आहे. कोउकाच्या पुराणकथेनुसार हिर्यू नावाचा तांबडा अजगर माणूस होऊन या राज्याचा पहिला राजा झाला आणि चार दिव्य अजगरांनी त्याच्या रक्षणार्थ चार योद्ध्यांना आपले रक्त दिले. योनाचे तांबडे केस या हिर्यूची खूण ठरतात. त्या योद्ध्यांचे वारस पिढ्यान्‌पिढ्या तिची वाट पाहत असतात, आणि ती समोर येताच रक्ताच्या ओढीने तिच्या पाठीशी उभे राहतात. म्हणजे उपाशी गावाला बियाणे मिळाले खरे, पण ते आणायला राजवंशातील मुलगीच जन्माला यावी लागली. गी-गानचे चाचे वर्षानुवर्षे झुंजतात, आणि कुम-जीला लागणारा निर्णायक बाण मात्र राजकन्येच्याच धनुष्यातून सुटतो. रयत सोसते, रडते, कृतज्ञ होते. सभा भरवत नाही, निर्णय घेत नाही. दुसरीकडे गादी बळकावणारा सू-वोन कर्तबगार राज्यकर्ता निघतो, आणि 'हुकूमशहा कार्यक्षम असेल तर खून माफ करावा काय?' हा अस्सल राजकीय प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर कथा राजघराण्यातील नात्यागोत्यांच्या आत शोधते. राजा कोण असावा याची चर्चा भरपूर होते. राजा असावाच का, हे कुणी विचारत नाही.

कल्पितकथेकडून ही अपेक्षा करणे अवाजवी आहे, असे कुणी म्हणेल. त्यांनी रत्नागिरीला जावे. महाराष्ट्राच्या भूमीवर खरोखरीच्या निर्वासित राजकन्या होऊन गेल्या आणि त्यांची कहाणी कोणत्याही अजगरावाचून घडली. मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातील सागवान तोडीत असे. कमी ओंडके दाखवून जास्त लाकूड नेल्याचा ठपका ठेवून तेथील दरबाराने १८८५ साली तिला मोठा दंड ठोठावला. फ्रेंचांच्या शिरकावाची इंग्रजांना भीती होतीच. दंडाचे निमित्त मिळताच त्यांनी युद्ध पुकारले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मंडाले पडले. थिबा राजाला कुटुंबासह प्रथम मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवण्यात आले. त्याला चार मुली. १९१० साली बांधून झालेला वाडा आज थिबा राजवाडा म्हणून पर्यटकांना दाखवला जातो. १९१६ साली राजा तेथेच वारला, आणि १९१९ साली कुटुंबाला मायदेशी परतण्याची मुभा मिळाली.

थोरल्या राजकन्येला वाड्यातील एका मराठी नोकरापासून मुलगी झाली होती. ही राजकन्या मायदेशी गेली, पण मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली तेथेच तिचे निधन झाले. तिच्या मुलीने मराठी बोलत, मराठी कष्टकऱ्याशी संसार करीत, गोवऱ्या थापून विकत रत्नागिरीतच आयुष्य काढले. तिच्यासाठी चार योद्धे धावून आले नाहीत. तिला सांभाळले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि तिच्या दोन हातांनी. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला राजाच्या समाधीच्या दर्शनास आले. राजाची समाधी इतिहासाला सापडते. गोवऱ्या थापणारी त्याची नात इतिहासाला सहसा सापडत नाही. आणि एका व्यापारी कंपनीच्या नफ्यातोट्यासाठी हे राज्य बुडाले, हे वाड्यात फिरणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

वनवासी राजकन्येची गोष्ट मराठी खेड्याला परकी नाही. सीतेचा वनवास जात्यावरच्या ओव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या गाइला गेला, आणि दळणाऱ्या बाईने त्या वनवासात स्वतःचा सासुरवास ओतला. राजकन्येचे दुःख कष्टकरी स्त्रीने असे आपलेसे करून घेतले. वाशीमच्या शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातील रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. तेथील दंतकथा अशी, की टाकलेल्या सीतेने लेकरांसाठी गावात पसाभर गहू मागितले, गावाने ते नाकारले, आणि या गावात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. शेतजमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करण्याचे 'लक्ष्मीमुक्ती' हे आंदोलनही त्यांचेच. त्यांच्या अर्थविचाराशी समाजवाद्यांचे मतभेद मूलभूत आहेत आणि राहतील. परंतु परित्यक्तेच्या कथेवरून सातबाऱ्यावरील नावापर्यंत जाण्याची त्यांची वाट बरोबर होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

रावेरीची दंतकथा आणि जपानी चित्रकथा शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. एकीत वनवासी स्त्रीला गाव धान्य नाकारते आणि शेत वांझ होते. दुसरीत वनवासी स्त्री वांझ शेतासाठी धान्य घेऊन येते. पहिल्या गोष्टीत गावाला स्वतःच्या निष्ठुरतेचा जाब द्यावा लागतो. दुसऱ्या गोष्टीत गावाला काही करावेच लागत नाही. या एका बाबतीत रावेरीच्या निरक्षर कथाकारांनी परदेशातील निष्णात चित्रकर्तीपेक्षा अधिक खोल पाहिले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी ही पुस्तके मुलांच्या हातून हिसकावून घेऊ नयेत. त्यांच्याबरोबर बसून वाचावीत. गावोगावची वाचनालये स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांनी भरली आहेत. तिथे महिन्यातून एक संध्याकाळ अशा कथांच्या चर्चेला मिळणे अशक्य नाही. तेथे प्रश्न साधे असावेत. अग्नी कुळाची जमीन निकस होती हे खरे, पण तिच्यावरचा कर कुणी ठरवला? राजकन्या आलीच नसती, तर त्या गावाने काय करायला हवे होते? बियाणे आल्यावर ते कुणाच्या मालकीचे राहिले? दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागणारे कपाशीचे बियाणे ज्या घरात येते, त्या घरातील मुलीला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कथेत मिळणार नाही. ते शोधायला तिला बापाच्या उधारीच्या वहीपर्यंत, दुकानदारापर्यंत आणि कंपनीपर्यंत जावे लागेल.

तिथवर ती गेली, तर त्या तांबड्या केसांच्या राजकन्येने आपले काम केले असे म्हणता येईल. पुढचा रस्ता जऊळक्याच्या मुलीने आणि तिच्या गावाने मिळून चालायचा आहे, आणि त्या रस्त्यावर चळवळ तिच्यासोबत असली पाहिजे. कपाळाला आठी घालून ती दूर उभी राहिली, तर ही मुलगी राजकन्येचीच वाट पाहत बसेल.