आठव्या चांदाची सफर

लग्नाला बत्तीस वर्षं झाली आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बोटीत बसलो. कोकणाबाहेरच्या वाचकांना याचं नवल वाटेल, कोकणातल्यांना वाटणार नाही. मुलं आम्हाला अब्बा आणि अम्मी म्हणतात, इथेही तीच नावं ठेवतो. अब्बांची सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. आधी खलाशी, शेवटी सारंग. अम्मीची तीच वर्षं दाभोळच्या घरात, खाडीकडे तोंड असलेल्या ओट्यावर गेली. एकाला समुद्राचा कंटाळा, दुसरीला त्याचा राग. मग सफरीचं नाव काढणार कोण?

काढलं अम्मीच्या भाच्याने. तो तांडेल, घरची मच्छीमार बोट चालवतो. "फुफी, एक दिवस सुवर्णदुर्गापर्यंत जाऊन येऊ," म्हणाला. मुलींनी लगेच सुचवलं, चौदाव्या चांदाला जा, येताना चांदणं मिळेल. अब्बा म्हणाले, "नाही. आठव्या चांदाला."

कारण साधं आहे. आपली तारीख चांदावर चालते आणि समुद्रही. अवस-पुनवेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढ जोरात असते. त्या दिवसांत आमच्याकडे भर दुपारी भरती आणि सकाळ-संध्याकाळ ओहोटी. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला त्यावर लाटा फुटतात. आठव्या-नवव्या चांदाला मात्र भांगाची भरती, पाणी शांत, आणि भरती पहाटे नि संध्याकाळी. पहाटे निघा, संध्याकाळी परत या.

फजर पढून निघालो. डब्यात सांदणं, तळलेली सुरमई, उकडलेली अंडी. अम्मीच्या मुठीत आल्याचा तुकडा, मळमळलं तर चघळायला. लाइफ जॅकेट घालताना "आता या वयात हे काय" म्हणून थोडी कुरकुर झाली, पण अब्बांनी स्वतः आधी घातलं.

धक्क्याजवळची जुनी मशीद पाण्यावरून वेगळीच दिसली. एके काळी याच बंदरातून हाजींची जहाजं सुटत. पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारीही इथूनच होर्मुझकडे निघाला होता. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड मागे पडला आणि बोट उत्तरेला वळली. मतलई वारा जमिनीवरून येत होता, पाणी सपाट. कोळथरे, बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरूड. ज्या गावांत अम्मी एस.टी.ने लग्नांना गेली, ती सगळी एका ओळीत समोरून गेली. कर्द्याजवळ तीन डॉल्फिन दिसले. अम्मी ओरडलीच. अब्बांनी इतक्या वर्षांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

सुवर्णदुर्गाला फेरी मारली. आंग्र्यांचा हा किल्ला 1755 साली इंग्रजांनी घेतला. तटाच्या सावलीत जेवलो. दुपारी घरी पाहुणे येणार होते, म्हणून लवकर परत फिरलो. चूक तिथेच झाली. अडीचला खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा भरती नुकती सुरू झालेली, त्यात वायव्येचा वारा वाढलेला. दांड्यावर पांढरा फेस. भाच्याने बाहेरच नांगर टाकला. "दोन तास थांबावं लागेल, फुफा."

घर समोर दिसत होतं. अम्मीला आपल्या ओट्याचा खांबही ओळखू आला. ती चिडली. "घर दिसतंय आणि जाता येत नाही, हा काय प्रकार?"

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझे अब्बा गेले तेव्हा असंच झालं होतं."

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जहाज सोमवारी मुंबईला पोचल्याचं गावात कळलं होतं. अब्बा घरी आले रविवारी, दफन होऊन गेल्यावर. मधले दिवस ते मुंबईत दोस्तांकडे राहिले, असं अम्मीने मनात धरलं होतं. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. खरं म्हणजे धक्क्यावर जागा नव्हती, म्हणून जहाज पाच दिवस बाहेर नांगरून होतं. रात्री मुंबईचे दिवे दिसायचे, आणि उतरायला परवानगी नव्हती.

"मग बोलला का नाहीत?"

"तू रडत होतीस. त्यात माझं काय सांगायचं?"

जुहर तिथेच पढलो, बसून. नांगरलेली बोट वाऱ्याकडे आणि भरतीकडे तोंड करते, म्हणजे पश्चिमेला. किब्ला आपोआप समोर आला.

साडेचारला दांडा बुजला आणि बोट अलगद आत आली. पाहुणे कंटाळून परत गेले होते. मगरिबच्या वेळी ओट्यावर चहा घेताना अर्धा चांद बरोबर डोक्यावर होता.

तुम्हीही जा. परवाना असलेली प्रवासी लाँच घ्या, जॅकेट घाला, पावसाळ्यात नाव काढू नका, तांडेलाला घाई करू नका. आणि घरच्या माणसाला काही विचारायचं राहिलं असेल, तर आमच्यासारखी बावीस वर्षं थांबू नका.